मानपत्रात न बसलेलं

शेअर गाडीने रोज शाळेत जाणाऱ्या माणसाकडे किती किस्से साचतात, ते गाडी धुवायला काढल्याशिवाय कळत नाही. आमचे गजूभाऊ दिवाळीच्या आधी गाडीच्या सीटा बाहेर काढतात. तेव्हा खालून शेंगांची टरफलं, खडूचे तुकडे, संत्र्याच्या बिया आणि कुणाचं तरी हरवलेलं कानातलं निघतं. किस्स्यांचंही तसंच आहे. रोज थोडे थोडे खाली पडत असतात आणि आपण त्यांच्यावरच बसून प्रवास करत असतो.

मी वंदना. राहते वर्ध्याला आणि केळझरच्या पुढच्या एका गावातल्या शाळेत मराठी शिकवते. गाडीतल्या जागा ठरलेल्या आहेत. पुढे मुख्याध्यापक झाडे सर, मागे विज्ञानाच्या मेश्राम मॅडम आणि मी, स्टिअरिंगवर गजूभाऊ. केळझरच्या गणपतीचा फाटा आला की गजूभाऊ हात जोडतात. दोन्ही! मेश्राम मॅडम एकदा म्हणाल्या होत्या, "गजूभाऊ, एका हातानं केला तरी पोचते त्याले."

तर गेल्या दिवाळीनंतर या गाडीत एक पाचवा भिडू येऊन बसला. माझा ब्लॉग. 

* * *

त्याचं असं झालं, माझी लेक रेवा पुण्याहून सुट्टीला आली आणि मला म्हणाली, आई, तू सगळ्यांना लिहून देतेस, स्वतःचं कधी लिहिणार?

लिहून देतेस म्हणजे मानपत्रं. आमच्या भागात कोणी रिटायर झालं की शाल, श्रीफळ आणि मानपत्र ठरलेलं. शाल दुकानातून येते, श्रीफळ हातगाडीवरून आणि मानपत्र माझ्याकडून. शिक्षक, ग्रामसेवक, पोस्टमन, बँकेचे मॅनेजर, सगळ्यांना मी फ्रेममध्ये बसवलंय. आधी त्या माणसाशी नाहीतर घरच्यांशी गप्पा मारायच्या, मग संध्याकाळी कुकर लावायचा आणि शिट्ट्या होईस्तोवर मानपत्र तयार. हात इतका बसलाय की 'सेवाभावी' लिहिलं की पेन आपोआप 'वृत्तीने' लिहून मोकळं होतं.

रेवाने ब्लॉग काढून दिला. वर माझा फोटो, खाली पांढरं पान. मी मोठ्या उत्साहाने लिहिलं, 'सर्वांचे सहर्ष स्वागत.' आणि बसून राहिले. दुसऱ्या दिवशी 'सहर्ष' जरा जास्त वाटलं, काढलं. नंतर 'सर्वांचे' काढलं, कारण सर्व म्हणजे कोण हेच कळेना. नुसतं 'स्वागत' उरलं, मंगल कार्यालयाच्या दारावर असतं तसं.

गाडीत हे सांगितलं तर गजूभाऊंनी ब्लॉग म्हणजे काय ते नीट विचारून घेतलं. आपण लिहायचं आणि लोक येऊन वाचतात, एवढं त्यांना पटलं.

"म्हणजे गाडी तर घेतली तुमी," ते म्हणाले. "पण मॅडम, ते चालली कुठं?"

हाच प्रश्न रेवाला फोनवर विचारला, तर ती म्हणाली, आई, आधी फोकस ठरव. आता मला सांगा, फोकस ठरवता आला असता तर मी तिला फोन कशाला केला असता?

* * *

म्हटलं, जे रोज दिसतं त्यावर लिहावं. आमच्या शाळेच्या आवारात एक जुना कडुनिंब आहे. त्याच्यावर लिहायला घेतलं. झरझर लिहून झालं. मी खूश! रेवाला पाठवण्याआधी मेश्राम मॅडमना वाचायला दिलं, कारण त्या तोंडावर सांगतात.

त्या वाचत गेल्या. 'आपण गेली कित्येक वर्षे निरपेक्ष भावनेने सावली दिलीत. ऊन असो वा पाऊस, आपण आपली जागा सोडली नाहीत. मितभाषी स्वभाव हे आपले वैशिष्ट्य. आपणांस उदंड आयुष्य लाभो.'

मोबाईल माझ्या हातात परत देत त्या म्हणाल्या, "वंदना, झाडाले काऊन रिटायर करून राह्यली?"

* * *

झाडे सरांचं मत पडलं की ब्लॉग सुविचारांचा असावा. रोज एक. वाचणाऱ्याला वेळ लागत नाही आणि लिहिणाऱ्यालाही. शाळेच्या फळ्यावर रोजचा सुविचार सर स्वतः निवडतात, त्यामुळे ते या विषयातले तज्ज्ञच.

मी चार-पाच दिवस डोकं खाजवून एक सुविचार तयार केला. 'चूक झाली हे कळणं म्हणजे अर्धं शिकणं.' फार थोर नव्हता, पण माझा होता. सरांना दाखवला. त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. विचार उत्तम आहे म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "फक्त खाली कोणातरी मोठ्या माणसाचं नाव टाका. तुमचं आहे म्हणून पटत नाही."

* * *

मग पाककृती. हा सल्ला गाडीतल्या सगळ्यांचाच होता, कारण माझ्या डब्यातली पाटवडी सगळ्यांनी खाल्लेली. मी बसून सविस्तर कृती लिहिली. मेश्राम मॅडम म्हणाल्या, ब्लॉगवर टाकायच्या आधी मी करून बघते, प्रयोग केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

रविवारी त्यांचा फोन आला. फार छान झालं म्हणाल्या, घरी सगळ्यांनी ताटं चाटूनपुसून खाल्ली. मला कोण आनंद झाला! मग म्हणाल्या, "पण मले एक सांग, पिठल्यावर खोबरं अन् कोथिंबीर थापून वड्या काऊन पाडाले सांगतल्या तू?"

कृती काढून पाहिली. बेसनाच्या पुढे लिहिलं होतं, 'अंदाजाने.' पाण्याच्या पुढेही 'अंदाजाने.' तिखट, मीठ, तेल, सगळ्यांच्या पुढे तेच. पाककृतीचा विषय तिथेच संपला.

* * *

आता मी हे हसत सांगतेय, पण तेव्हा हसू येत नव्हतं. रोज संध्याकाळी ते पांढरं पान उघडायचं आणि एकदम आठवायचं की पंखा पुसायचा राहिलाय. मग माळा. मग डाळीचे डबे. नवरा म्हणाला, ब्लॉग बंद करू नकोस, घर इतकं स्वच्छ कधीच नव्हतं.

रेवा रोज विचारायची, लिहिलंस का? मी म्हणायची, सुचतंय, सुचतंय. खरं म्हणजे मला भीती वाटायला लागली होती. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या वतीने लिहिलं, समितीच्या वतीने, ग्रामस्थांच्या वतीने, मित्रपरिवाराच्या वतीने. माझ्या वतीने सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाहीच, असं निघालं तर? लेकीने एवढ्या हौसेने दार उघडून दिलं आणि आत माणूसच नाही, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

त्यात झाडे सरांनी परस्पर जाहीर केलं की ब्लॉगचं उद्घाटन होणार!

मेश्राम मॅडम रिटायर होणार होत्या. त्यांच्या निरोप समारंभाला मंडप येणार, माईक येणार, संस्थेचे अध्यक्ष येणार. सरांचं म्हणणं, त्याच खर्चात ब्लॉगही उरकून घेऊ. पत्रिका छापूनसुद्धा आली. मी सरांना हात जोडून सांगितलं की सर, ब्लॉगमध्ये अजून काहीच नाहीये.

सर शांतपणे म्हणाले, "असू द्या. आपल्या नव्या खोलीचं उद्घाटन आपण छप्पर घालायच्या आधीच केलं होतं."

* * *

मेश्राम मॅडमचं मानपत्र मात्र एका संध्याकाळी झालं. नेहमीसारखं, तिसऱ्या शिट्टीला. ज्याचं मानपत्र त्याने आधी वाचायचं नाही अशी आमच्याकडे पद्धत आहे, पण मॅडमनी सेलूच्या अलीकडे माझ्या पर्समधून ते ओढूनच घेतलं. 'विद्यार्थिप्रिय, मितभाषी, उपक्रमशील.' त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. चष्मा काढून डबीत ठेवला.

"चांगलं लिहिलं," त्या म्हणाल्या. "पण हे बाई कोण आहे? माह्या निरोपाले हे काऊन येऊन राह्यली?"

गाडीत कोणी हसलं नाही. मॅडम माझ्याकडे वळल्या. "माह्यं बकऱ्याचं हृदय कुठं गेलं?"

पुढे बसलेले झाडे सर एकदम खिडकीबाहेरच्या कपाशीत काहीतरी शोधायला लागले.

"मॅडम, ते 'उपक्रमशील'मध्ये आलं," मी म्हटलं. "आता तसंच्या तसं मानपत्रात कसं बसेल?"

"नाई बसत तर नको बसू दे," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "पण मंग ते कुठं लिहिशील, तेवढं सांग मले."

दिवसभर वर्गात काय शिकवलं ते आठवत नाही. संध्याकाळी घरी गेले, कुकर न लावताच बसले आणि बकऱ्याचं हृदय लिहून काढलं.

* * *

ते हृदय तुम्हाला सांगायलाच हवं. आमच्या शाळेत कोणाच्या तरी निरोप समारंभात सगळ्या स्टाफला एकसारखे स्टीलचे डबे भेट मिळाले होते. त्यामुळे गाडीत सगळ्यांचे डबे एकसारखे. एक दिवस मेश्राम मॅडमनी दहावीला दाखवायला मटणाच्या दुकानातून बकऱ्याचं हृदय आणलं, स्वच्छ धुऊन त्या डब्यात ठेवलं आणि गाडीतून उतरताना डबे बदलले.

मॅडमनी वर्गात टेबलावर डबा ठेवला, मुलांना म्हणाल्या, उघडा, नीट निरीक्षण करा, आकृती काढा, मी ट्रे घेऊन येते. त्या ट्रे घेऊन परत आल्या तर सगळा वर्ग खाली मान घालून आकृती काढतोय. डब्यात झाडे सरांची भरली वांगी. पहिल्या बाकावरच्या मुलीने वांग्याच्या देठाला बाण काढून 'महाधमनी' असं नाव दिलं होतं. मॅडमनी सांगितलं म्हणजे ते हृदयच असणार, यात कोणाला शंका नव्हती!

मॅडम धावत सरांच्या केबिनकडे निघाल्या. पण सरांना शुगर आहे, ते लवकर जेवायला बसतात. आणि सर माळकरी. मॅडम दारात पोचल्या तेव्हा सरांच्या एका हातात डब्याचं झाकण होतं. सरांनी ते सावकाश परत लावलं, डबा दोन बोटांनी पुढे सरकवला आणि म्हणाले, "मेश्राम मॅडम, भाजी जरा कच्ची राहिली."

* * *

ही पोस्ट लिहून झाली तेव्हा मी चक्क रडले. काहीच कारण नव्हतं, बरं वाटत होतं म्हणून रडले. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. एक शब्द अडला नाही. 'सेवाभावी' कुठेही आलं नाही. आणि लक्षात आलं की इतकी वर्षं मानपत्रासाठी लोकांकडून जे जे ऐकलं आणि बसत नाही म्हणून बाहेर ठेवलं, ते सगळं माझ्याकडेच आहे. कोंबडीला घाबरणारे ग्रामसेवक माझ्या हातून 'निर्भीड' झाले होते. कोणत्या घरी चहा चांगला मिळतो त्याप्रमाणे रोजचा रस्ता बदलणारे पोस्टमन 'लोकाभिमुख' झाले होते. यांना आता कुठेतरी बसायला जागा द्यायची होती.

रेवाला रात्रीचं जेवण सोडून पोस्ट वाचायला लावली. ती आधी खूप हसली, मग म्हणाली, आई, फोकस सापडला की गं तुला. मी म्हटलं, सापडला नाही, तो इथेच होता, मीच त्याला बाहेर उभं केलं होतं.

* * *

उद्घाटनाच्या दिवशी स्टेजवर टेबल, टेबलावर कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरला आडवी लाल फीत. नारळ कॉम्प्युटरसमोर फोडायचा की नाही यावर बराच खल झाला, शेवटी तो मंडपाच्या खांबापाशी फोडला. अध्यक्षांनी फीत कापली. टाळ्या झाल्या. अध्यक्ष कात्री हातात घेऊन तसेच उभे राहिले आणि सरांना हळूच विचारलं, "आता आत कुठून जायचं?"

मागच्या पडद्यावर पोस्ट दिसली. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. लिहिण्याच्या आनंदात मी झाडे सरांना काही विचारलंच नव्हतं. वाटलं होतं, लोक घरी जाऊन आपापले वाचतील. पण सरांच्या हातात माईक आला की तो सुटत नाही. ते म्हणाले, मॅडमचा पहिला लेख मी स्वतः वाचून दाखवतो.

सरांचा आवाज खणखणीत. सगळं गाव ऐकतंय. एकसारखे डबे झाले, वांग्याची महाधमनी झाली, मंडप हसतोय. आणि सर त्या ओळीवर आले, 'सरांच्या एका हातात डब्याचं झाकण होतं.' तिथे थांबले. चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीची दांडी घट्ट धरली. सर ग्लासभर पाणी प्यायले, घसा साफ केला आणि त्याच आवाजात शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, "मेश्राम मॅडम, भाजी जरा कच्ची राहिली."

मंडपात असा हशा उसळला की बाहेरच्या रस्त्यावरचे लोक आत आले. मेश्राम मॅडम नव्या शालीने डोळे पुसत होत्या. माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "आता आली मी माह्या निरोपाले."

परत येताना गाडीत झाडे सर केळझरपर्यंत समोरच्या रस्त्याकडेच बघत होते. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होते. फाट्यावर गजूभाऊंनी हात जोडले, आणि सर मागे वळून म्हणाले, लेखात एक दुरुस्ती हवी. मी म्हटलं, सर, सांगा, लगेच काढून टाकते. "काढू नका, घाला. वांगी फार चविष्ट होती, असं घाला. आमच्या घरी वाचणार आहेत."

पुढच्या वर्षी सर रिटायर होणार. परवा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, माझं मानपत्र जरा लहानच ठेवा."

* * *

आणि हा किस्सा राऊत बाबूंचा.

राऊत बाबू आमच्या शाळेत लिपिक होते. सिंदी रेल्वे या गावाहून बसने यायचे. उंच, सडपातळ, डोक्यावर कायम पांढरी टोपी. शाळेचं कुलूप उघडायच्या आधी बाबू पायरीवर हजर. त्यांच्या मानपत्रात मी 'वक्तशीर' लिहिलं होतं. खरी गोष्ट त्यांनी मला तेव्हाच सांगितली होती, आणि सांगताना लाजले होते.

त्यांची बायको सकाळी अंगण झाडताना गाणं म्हणायची. गळा गोड. पण कोणी ऐकतंय म्हटलं की गप्प, अगदी नवरा असला तरी. लग्न झाल्यापासून हेच. तेव्हा बाबूंनी युक्ती काढली. डबा घ्यायचा, "येतो" म्हणायचं, लवकरच घराबाहेर पडायचं आणि अंगणाच्या भिंतीआड उभं राहायचं. गाणं संपलं की बस स्टँड. नोकरी संपेपर्यंत त्यांनी हे केलं आणि बायकोला कधी कळू दिलं नाही.

बाबू जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी हे लिहिलं, पण यावेळी ब्लॉगवर टाकण्याआधी त्यांच्या मुलीला फोन केला आणि वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, आईला वाचून दाखवते, ती काय म्हणते ते कळवते.

मला त्या दिवशी चैन पडेना. त्या माउलीपासून नवऱ्याने जन्मभर जपलेली गोष्ट मी या वयात तिच्यासमोर उघडी करत होते. ती दुखावली तर? नाही म्हणाली तर काढून टाकायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत असतानाच फोन आला. मुलीने तो आईच्याच हातात दिला.

"टाकून दे, माय," म्हातारी म्हणाली. "चांगलं लिहिलं तू. फक्त एक चुकलं. मले मालूम नव्हतं, असं लिहिलं."

मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं?

"त्याइची टोपी दिसे ना भिंतीवरून," ती म्हणाली. "टोपी दिसली का मंग मी सुरू करो."